वंशावळ शोधायला संशोधक नेमताय? कामाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

"आमची वंशावळ काढायची आहे, किती घ्याल?" या प्रश्नानेच सुरुवात झाली की काम पहिल्या दिवसापासून वाकडं जातं. कोणाचा शोध, कोणत्या गावातला, कोणत्या काळातला, हे ठरलेलं नसतं. घरच्या पेटीतले कागद कोणी उघडून पाहिलेले नसतात. आणि पैसे 'सात पिढ्या' मिळण्यावर ठरतात. पैसे पिढ्यांवर ठरले की रिकाम्या जागा अंदाजाने भरायचा मोह होतो. मग वर्षभराने हातात रंगीत तक्ता येतो आणि त्यातलं एकही नाव कोणत्या कागदावरून आलं ते सांगता येत नाही.

खालचा क्रम नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत मूळ असलेल्या कुटुंबांसाठी आहे. दुसरी आणि तिसरी पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून लोक ती गाळतात. निम्मे पैसे तिथेच वाया जातात.

## १. काम कोणतं, ते आधी ठरवा

'वंशावळ' म्हणून तीन निरनिराळी कामं येतात आणि तिन्हींची माणसं वेगळी असतात.

घराण्याचा इतिहास. मूळ गाव कोणतं, पूर्वज कोण, इथे कधी आले. यात वेळ लागला तरी चालतो आणि उत्तर अपुरं राहिलं तरी कोणाचं नुकसान होत नाही.

जात पडताळणीसाठी पुरावे. यात किती पिढ्या मागे गेलात याला महत्त्व नाही. महत्त्व मानीव दिनांकाला आहे: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेआधीची, वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या माणसाची, जात आणि राहण्याचं ठिकाण दाखवणारी नोंद हवी असते. इथे संशोधकाच्या तक्त्याला किंमत नाही. किंमत कार्यालयाने दिलेल्या प्रमाणित प्रतीला आणि तुमच्या वंशावळीच्या शपथपत्राला आहे.

वारसाहक्क. जमिनीचा फेरफार, वारस नोंद, वाटणी. हे वकिलाचं काम. संशोधक फार तर जुने कागद काढून देईल.

काम ठरलं की प्रश्न एका वाक्यात लिहा. "आमचं घराणं शोधायचं आहे" हा प्रश्न नव्हे. "आजोबांचे वडील विठोबा हे काटोल तहसिलीतल्या कोणत्या गावचे आणि त्यांच्या वडिलांचं नाव काय?" हा प्रश्न. यात माणूस आहे, प्रदेश आहे, आणि उत्तर मिळालं की नाही हे कोणालाही कळतं.

सावधान: "पडताळणीची हमी, कागद आमचे" असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा. जात पडताळणी समितीचं दक्षता पथक मूळ नोंदवही पाहायला जातं. मागाहून घुसवलेली ओळ तिथे उघडी पडते, आणि खोट्या कागदाबद्दलचा गुन्हा अर्जदारावरही येतो.

## २. घरातले कागद आणि घरातली माणसं

संशोधकाला द्यायच्या पैशांत सगळ्यात मोठी बचत इथे होते. जे काम तुम्ही दोन रविवारी फुकट करू शकता त्यासाठी त्याला दिवसाचे पैसे देऊ नका.

कागद शोधताना फक्त 'वंशावळ' असं लिहिलेला कागद शोधू नका. शाळा सोडल्याचा दाखला, जुना सातबारा, फेरफाराची प्रत, खरेदीखत, कर्जरोखा, रेशनकार्ड, पेन्शनचं पुस्तक, लग्नपत्रिका, कुंडली, पोथीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहिलेल्या जन्मतारखा, हे सगळं कामाचं आहे. नागपुरात गिरणी आणि रेल्वेचे कागद विसरू नका. १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये किंवा मॉडेल मिलमध्ये पणजोबा कामाला असतील तर फंडाच्या किंवा नोकरीच्या कागदावर मूळ गाव आणि वारसाचं नाव सापडू शकतं. रेल्वेच्या सेवापुस्तकाचंही तसंच.

ज्या घरात श्राद्ध होतं तिथे एक साधन आयतंच असतं. पितृपक्षात वडील, आजोबा, पणजोबा आणि आईकडच्याही तीन पिढ्यांची नावं घेतली जातात. जो नावं घेतो त्याच्याकडून ती तशीच, त्याच क्रमाने लिहून घ्या.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर ज्या कुटुंबांनी नावं किंवा आडनावं बदलली त्यांनी जुनं आणि नवं नाव समोरासमोर लिहून, बदल साधारण कधी झाला ते टिपावं. हे आधी सांगितलं नाही तर संशोधक १९५६ पूर्वीच्या वहीत आजचं आडनाव शोधत बसतो आणि "नोंद नाही" असं कळवतो.

वडीलधाऱ्यांशी बोलताना साल विचारू नका. सालं कोणालाच आठवत नाहीत. घटना विचारा. "गांधीजींचा खून झाला तेव्हा तुमचे वडील होते का?" "मानमोडीच्या साथीत घरात कोण गेलं?" मानमोडी म्हणजे १९१८ ची साथ, त्या साली मृत्यूच्या नोंदी भरपूर सापडतात, म्हणून हा प्रश्न फार उपयोगी. आत्याला, आजीला, मोठ्या काकूंना आवर्जून विचारा. बायकांना माहेर-सासर दोन्हीकडची गावं आणि नाती पाठ असतात, आणि पुरुष विसरतात त्या तीन गोष्टी त्या सांगतात: दत्तक कोण गेलं, पाट (पुनर्विवाह) कोणाचा लागला, घरजावई कोण झाला. या तिन्हींत माणसाचं गाव, घर किंवा बापाचं नाव बदलू शकतं आणि शोध तिथेच तुटतो.

प्रत्येकाशी वेगवेगळं बोला. चार जण एकत्र बसले की मोठ्या काकांचं म्हणणं सगळ्यांचं होतं.

मग एक पत्रक तयार करा. दर माणसाला एक ओळ: नाव, बापाचं नाव, आईचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव, अंदाजे काळ, आणि ही माहिती कशावरून. शेवटच्या रकान्यात दोनच शब्द, 'कागद' किंवा 'ऐकीव'. ऐकीव माहिती कमी प्रतीची नसते, पण ती ऐकीव आहे हे संशोधकाला कळलं पाहिजे.

सावधान: जुन्या कागदाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका, पेनाने खुणा करू नका. दोन्ही बाजू निदान ३०० डीपीआयवर स्कॅन करा. पाठीमागचे शिक्के आणि शेरे अनेकदा पुढच्या मजकुरापेक्षा मोलाचे असतात. मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नका.

तपासा: किमान तीन पिढ्यांची नावं, एक गाव, आणि १९६० पूर्वीचा एक तरी कागद हाताशी आहे का? नसेल तर अजून संशोधक नेमायची वेळ आली नाही. नातेवाइकांकडे आणखी एक फेरी मारा.

## ३. गाव आणि काळ यावरून दप्तर ठरतं

कोणती वही कोणत्या कार्यालयात, हे गावावर अवलंबून आहे. संशोधक निवडण्याआधी हे ठरवायचं, कारण माणूस त्या दप्तराचा हवा.

नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आजचं चंद्रपूर) हा मुलूख भोसल्यांचा; तिसरे रघुजी १८५३ मध्ये वारले आणि पुढच्या वर्षी तो इंग्रजांकडे गेला. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. वऱ्हाड मात्र निजामाचा. १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलेला. मध्य प्रांतात मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार भरायचा; वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे शेतकरी थेट सरकारला भरायचा. त्यामुळे दोन्हीकडच्या जमिनीच्या कागदांची घडणच वेगळी. अमरावती-अकोल्याची दप्तरं ज्याला पाठ आहेत तो भंडाऱ्याच्या मालगुजारी गावात चाचपडू शकतो.

जिल्ह्यांच्या हद्दीही बदलल्या. गाव आज गडचिरोलीत असेल तर १९८२ पूर्वी ते चांद्यात होतं. गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून निघालं, वाशीम १९९८ मध्ये अकोल्यातून. जुन्या वह्या नव्या जिल्ह्यात आल्याच असतील असं धरू नका. पांढुर्णा, सौसर, मुलताई या बाजूचं मराठी घराणं असेल तर जिल्ह्याची दप्तरं आज मध्य प्रदेशात आहेत. तिथे जायला तयार असलेला माणूस लागेल.

गावाचं नुसतं नाव पुरत नाही. खुर्द आणि बुद्रुक वेगळे, एकाच नावाची गावं दोन तहसिलींत, आणि काही गावं उठून गेलेली, फक्त रिठी म्हणून कागदावर उरलेली. मौजा (महसुली गाव), पटवारी हलका नंबर (तलाठ्याच्या हद्दीचा क्रमांक) आणि तहसील, तिन्ही लिहा. सातबारावर गाव आणि तालुका मिळेल. हलक्याचा नंबर तलाठ्याला विचारा.

आता कुठे काय मिळतं:

- कोतवाल बुक, म्हणजे गावची जुनी जन्म-मृत्यू नोंदवही. बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात. बाप, जात, गाव, वय मिळतं. मोठी अडचण: जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतं. "गणू वल्द (म्हणजे मुलगा) सखाराम यास मुलगा" एवढंच. गणूला चार मुलगे असतील तर हा कोणता, ते दुसऱ्या कागदावरून ठरवावं लागतं.
- शाळेचं दाखल-खारिज रजिस्टर. प्रवेश निर्गम उतारा मागा. जन्मतारखेवर फार विसंबू नका. १ जून किंवा १ जुलै दिसली की ती गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली असण्याचा संभव मोठा.
- जमिनीचे कागद: अधिकार अभिलेख १९५४-५५, खसरा (शेताच्या तुकड्यांची नोंद), जमाबंदी (साऱ्याची नोंद), बंदोबस्ताची मिसल (मोजणी आणि सारा ठरवण्याची फाइल). तहसील, जिल्हाधिकारी कार्यालय आणि भूमी अभिलेख कार्यालय या तिन्ही ठिकाणी विचारावं लागतं. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, त्यामुळे कुळाचं नाव त्याआधीच्या आणि नंतरच्या कागदांत वेगळ्या रकान्यात दिसतं.
- दुय्यम निबंधक कार्यालय. खरेदीखत, गहाणखत, दत्तकपत्र. नावाच्या सूचीवरून शोधता येतं.
- तीर्थोपाध्यायांच्या वह्या. नाशिक, त्र्यंबकेश्वर, प्रयाग, गया. गाव आणि आडनाव सांगितलं की त्या मुलखाचे उपाध्ये वही काढतात. यात्रेला गेलेल्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली ओळ असेल तर ती फार मोलाची. नंतर नव्या वहीत उतरवून घेतलेली असेल तर तसं टिपून घ्या.
- विदर्भ अभिलेखागार, नागपूर. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाची शाखा. इथे प्रामुख्याने जुन्या सचिवालयाचे सरकारी कागद आहेत. घराण्यात मालगुजार, इनामदार, सरकारी नोकर असेल किंवा कोणी सरकारकडे अर्ज केला असेल तर इथे या. साध्या शेतकऱ्याच्या जन्माची नोंद शोधायला पहिल्याच दिवशी इथे येणं ही नेहमीची चूक आहे.

मराठा-कुणबी नोंदींसाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमल्यानंतर अनेक जिल्ह्यांनी जुन्या वह्यांची पानं स्कॅन करून जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकली. तुमचा जिल्हा आणि गाव त्यात आहे का, ते पैसे देण्याआधी स्वतः पाहा.

## ४. 'पात्र' माणूस म्हणजे कोण

आपल्याकडे वंशावळ संशोधकाला सरकारी परवाना नसतो. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आहेत, पण तिथलं प्रमाणपत्र असलेला माणूस तहसिलीतली मोडी वाचू शकेल असं नाही. 'सरकारमान्य वंशावळकार' अशी पाटी दिसली तर मान्यता कोणाची आणि कशासाठी, ते कागदावर दाखवायला सांगा.

प्रत्यक्षात चार प्रकारची माणसं भेटतात. मोडी वाचक: पुराभिलेख विभागाच्या मोडीच्या परीक्षेचं प्रमाणपत्र आहे का ते विचारा. तो कागद वाचून देईल, पण कोणता कागद शोधायचा हे त्याला माहीत असेलच असं नाही. निवृत्त महसूल कर्मचारी, म्हणजे पटवारी, मंडळ अधिकारी, अभिलेख कक्षातला कारकून: वही कुठल्या कपाटात असते ते यांना ठाऊक असतं, अहवाल लिहायची सवय मात्र कमी. इतिहासाचे संशोधक: विद्यापीठाचा इतिहास विभाग किंवा विदर्भ संशोधन मंडळ इथे चौकशी करून नावं मिळतात. पुरावा तोलणं यांना जमतं, पण तहसिलीतल्या रांगेत उभं राहायला वेळ असेलच असं नाही. आणि वकील, ज्याची गरज जात पडताळणी आणि वारसाहक्काच्या कामात पडते.

आमचं मत स्पष्ट आहे: घराण्याच्या इतिहासाचं काम इतिहासाच्या माणसाकडे द्यावं, आणि त्याने मोडी वाचक आणि महसुलातला जाणकार सोबत घ्यावा. उलट केलं तर कागदांचा ढीग जमतो आणि त्याचा अर्थ लावणारं कोणी नसतं.

वऱ्हाडातल्या निजामकाळच्या कागदांसाठी फारसी किंवा उर्दू वाचणारा लागेल. हे आधी विचारा. अर्धं काम झाल्यावर "हे मला वाचता येत नाही" ऐकायला लागू नये.

## ५. पहिली भेट: बोलणं कमी, परीक्षा जास्त

दोघा-तिघांना भेटा. भेटीत या चार गोष्टी मागा.

जुना अहवाल. दुसऱ्या कुटुंबाची नावं झाकलेला. प्रत्येक विधानापुढे वही, गाव, साल आणि पान दिलं आहे का, एवढंच पाहा. नावं न झाकता दाखवला तर उद्या तुमचाही असाच दाखवला जाईल.

वाचनाची चाचणी. घरातला मोडी कागद किंवा जुन्या वहीच्या एका पानाची प्रत द्या आणि ओळीला ओळ असं देवनागरीत उतरवून मागा. याचे पैसे द्या. चांगला वाचक न लागलेल्या शब्दाच्या जागी टिंबं ठेवतो आणि शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह घालतो. डागाळलेल्या पानाचं एकही टिंब नसलेलं सफाईदार वाचन आलं तर अंदाज मिसळलेला आहे असं समजा. जमल्यास तेच पान दुसऱ्याकडून वाचून घेऊन ताडून पाहा. वल्द, जौजे (बायको), बेवा (विधवा), साकीन (राहणार), मयत हे शब्द ज्याला अडतात त्याने या वह्या फारशा हाताळलेल्या नाहीत.

सालाचा प्रश्न. "फसली साल इसवीत कसं करता?" असं विचारा. फसली म्हणजे महसुली कागदांवरची जुनी कालगणना. दख्खनी फसलीत साधारण ५९० मिळवतात, उत्तरेकडच्या फसलीत ५९२ ते ५९३. त्यामुळे खऱ्या जाणकाराचा उलट प्रश्न येतो: "कागद कुठला आहे?" शकात ७८ मिळवायचे एवढंच सांगून जो थांबतो तो मुलाला बापाच्या आधी जन्माला घालण्याची शक्यता आहे.

"नाही मिळालं तर?" या प्रश्नाचं उत्तर "मिळणारच" असेल तर चहा घ्या आणि निघा. "अमुक वह्या पाहीन, नसेल तर नाही असं लिहून देईन" हे उत्तर देणारा माणूस कामाचा.

## ६. पहिलं काम छोटं द्या, आणि लेखी द्या

पूर्ण वंशावळीचं काम एकदम देऊ नका. एक प्रश्न, एक गाव, दोन किंवा तीन वह्या, ठरावीक वर्षं. ते नीट झालं की पुढचं.

कामाचं पत्र एका पानाचं पुरतं. मजकूर असा ठेवता येईल:

> "मौजा ___, प.ह.नं. ___, तहसील ___, जिल्हा ___ या गावची जन्म-मृत्यू नोंदवही १९१० ते १९३० आणि अधिकार अभिलेख १९५४-५५ यांत विठोबा वल्द गणू आणि त्यांचे सख्खे भाऊ-बहीण यांच्या नोंदी पाहणे. आडनावाची सोबत दिलेली सर्व रूपं पाहणे. प्रत्येक नोंदीचं छायाचित्र, वहीचं नाव, साल, पान आणि अनुक्रमांक देणे. पाहिलेल्या पण नोंद न मिळालेल्या वह्यांची यादी देणे. जी पानं फाटलेली, गहाळ किंवा न वाचता येणारी आहेत ती नमूद करणे. कामाचे कमाल दिवस ___. याहून जास्त लागल्यास आधी विचारणे. कुटुंबाची माहिती इतर कोणाला न देणे, इंटरनेटवर न टाकणे."

'न मिळालेल्या वह्यांची यादी' हे कलम हमखास राहून जातं, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं. ते नसेल तर पुढचा संशोधक त्याच वह्या पुन्हा चाळतो आणि तुम्ही दुसऱ्यांदा पैसे देता.

तपासा: पत्रावर दोघांच्या सह्या, तारीख, आणि आडनावांच्या रूपांची यादी जोडलेली आहे ना?

## ७. पैसे कसे ठरवायचे

दिवसावर किंवा तासावर, वरची मर्यादा घालून. प्रवास, नक्कल फी आणि मोडी वाचनाचे पैसे वेगळे दाखवायला सांगा. आगाऊ रक्कम एक चतुर्थांशापासून एक तृतीयांशापर्यंत ठीक. बाकी अहवाल आणि प्रती हाती आल्यावर. बँकेतून किंवा यूपीआयने द्या आणि पावती घ्या.

दर पिढीमागे, दर नावामागे किंवा 'काम झालं तरच' असे पैसे ठरवू नका. ग्राहकाला हे सोयीचं वाटतं, पण अशा सौद्यात "नोंद नाही" हे खरं उत्तर देणाऱ्याला काहीच मिळत नाही. शोधाचे पैसे द्यायचे, सापडण्याचे नव्हे.

कार्यालयात 'वर द्यावे लागतात' म्हणून रक्कम मागितली तर नकार द्या. नकलेची फी सरकारी पावतीवर असते.

## ८. काम चालू असताना

संशोधकाला तुमच्या वतीने अर्ज करता यावा म्हणून सहीचं अधिकारपत्र द्या. त्यात कोणत्या कार्यालयात, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत, ते लिहा. मुदत नसलेलं अधिकारपत्र देऊ नका. ओळखीसाठी आधारची प्रत लागली तर पहिले आठ अंक झाकलेली द्या आणि तिच्यावर कारण व तारीख लिहा.

नकलेचा साधा अर्ज आधी करा. दाद लागली नाही तरच माहिती अधिकार: दहा रुपये शुल्क, एक विषय, दीडशे शब्दांत, उत्तराची मुदत तीस दिवस, प्रतीचे पानाला दोन रुपये. अर्जात "आमच्या घराण्याची सर्व माहिती द्यावी" असं लिहिलं तर तो फेटाळला जाईल. वही, गाव, साल लिहा आणि वही नष्ट केली असेल तर तसं कळवावं अशी ओळ घाला.

वेळ बघून काम काढा. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात असतं, मार्चअखेर महसूल खात्याची वसुली असते, निवडणुकीत सगळे कर्मचारी बाहेर असतात. शाळाप्रवेशाच्या दिवसांत दाखल्यांची गर्दी उसळते. ऑगस्ट ते ऑक्टोबर त्या मानाने बरे.

दर पंधरा दिवसांनी चार ओळी मागा: कोणती वही पाहिली, काय निघालं, पुढे काय. रोज फोन करू नका. आणि मध्येच नवी माहिती सापडली, आत्याने वेगळं गाव सांगितलं, तर ती लेखी कळवा आणि कामाच्या पत्रात भर घाला.

## ९. अहवाल आला की काय तपासायचं

इथे घाई करू नका. तक्ता बाजूला ठेवा आणि एकेक दुवा घ्या. दुवा म्हणजे 'हा त्याचा मुलगा' एवढं एक विधान.

उदाहरण घेऊ. अहवालात लिहिलंय: "विठोबा यांचे वडील गणू. आधार: मृत्यू नोंद, १९१८." सोबतच्या छायाचित्रात दिसतं: "गणू वल्द सखाराम, जात कुणबी, वय ४०, आजार ताप, खबर देणार पुतण्या."

ही नोंद काय सांगते? गणू नावाचा माणूस वारला आणि त्याच्या बापाचं नाव सखाराम होतं. विठोबा हा या गणूचा मुलगा, असं तीत कुठेही नाही. शिवाय खबर पुतण्याने दिली आहे. मुलाने का दिली नाही? मुलगा लहान असेल, गावाबाहेर असेल, किंवा या गणूला मुलगाच नसेल. गावात दुसरा गणू असू शकतो. एका गावात, एका जातीत, एकाच काळात तेच नाव दोघांचं असणं अगदी नेहमीचं आहे, आणि जुन्या नोंदीत आडनाव बहुधा नसतंच.

दुवा पक्का व्हायला दुसरा कागद हवा. एकाच खसरा नंबरावर आधी "गणू वल्द सखाराम" आणि नंतर वारसाने "विठोबा वल्द गणू" असं नाव लागलेलं दिसलं, तर जमिनीने बाप-लेक जोडले. किंवा शाळेच्या रजिस्टरात विठोबाचा पालक म्हणून तोच चुलतभाऊ दिसला, तर पुतण्याच्या खबरीचा उलगडा झाला. असं काही नसेल तर अहवालात 'संभाव्य' असं लिहायला लावा. प्रत्येक दुव्यापुढे पक्का, संभाव्य, ऐकीव यांपैकी एक शब्द हवाच.

मग सरसकट तपासणी:

- बाप आणि मुलाच्या वयातलं अंतर पटतं का? दहा वर्षांचं किंवा सत्तर वर्षांचं अंतर असेल तर मधली एक पिढी गळली आहे किंवा दोन माणसं एक झाली आहेत.
- छायाचित्रातलं नाव आणि अहवालातलं नाव अक्षराला अक्षर जुळतं का? 'सुधारून' लिहिलं असेल तर मूळ रूप कंसात मागा.
- जुन्या ओळीशेजारी वेगळ्या शाईतली, वेगळ्या वळणाची भर दिसते का? दिसली तर ती नोंद बाजूला ठेवा आणि मूळ वही स्वतः पाहा.
- बायकांची नावं आहेत का? लेकी आणि सुना गाळून केलेली वंशावळ अर्धी असते, आणि बहिणीच्या सासरच्या गावावरून मूळ गाव सापडल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत.
- सगळ्यात जुन्या पिढीत एखादं ऐतिहासिक मोठं घराणं अचानक जोडलेलं आहे का? असेल तर त्या एका दुव्याचा कागद मागा. आडनाव एक असणं हा पुरावा नव्हे.

एखाद्या दुव्याबद्दल शंका असेल तर संशोधकासोबत बसून मूळ छायाचित्रावर बोट ठेवून विचारा. चांगल्या माणसाला याचा राग येत नाही.

## १०. पुढचा टप्पा द्यायचा की थांबायचं

पहिल्या कामानंतर संशोधकाकडून एक पान लिहून घ्या: प्रश्नाचं उत्तर किती मिळालं, अजून न पाहिलेल्या वह्या कोणत्या, त्यांतून काय निघण्यासारखं आहे, आणि अंदाजे किती दिवस लागतील. न पाहिलेल्या वह्यांत तुमच्या गावच्या, तुमच्या काळातल्या वह्या असतील तर पुढचं काम द्या. उरलेल्या सगळ्या वह्या गहाळ किंवा शेजारच्या गावांच्या असतील तर तिथे थांबा आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्यांकडे वळा.

सगळ्या प्रती, छायाचित्रं आणि न मिळालेल्या वह्यांची यादी एका फोल्डरमध्ये ठेवून त्याची एक प्रत दुसऱ्या शहरातल्या नातेवाइकाकडे द्या. फाइलला नाव देताना गाव, वही, साल, पान हा क्रम ठेवा. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि पत्ते असलेली पानं कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. तिथे मृत पूर्वजांचा तक्ता तेवढा टाका आणि चूक दिसल्यास कागदासह कळवा, असं खाली लिहा.